सोबत : वडील, मूळ प्रत

मोकलबाईंनी मला पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं. रोह्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला म्हणून मी पुण्याहून आलो होतो. अंगात नवा शर्ट, हातात नेमणुकीचं पत्र आणि डोक्यात अशी समजूत, की सगळं कॉलेज माझीच वाट बघत बसलं असणार. ऑफिसात जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक ठेंगण्या बाई बशीतून चहा पीत होत्या. त्यांनी माझा रुजू होण्याचा अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचल्यासारखी पाहिली आणि विचारलं, "सोबत काय?"

"सोबत कोणी नाही. एकटाच आलोय," मी म्हणालो. एकट्यानं आल्याचा मला जरा अभिमानच होता.

"तुमच्या नाय हो सर. अर्जाच्या सोबत."

शिपाई तोंडावर फाइल धरून हसला. अर्जाला पदवीचा दाखला, गुणपत्रिका आणि जन्मतारखेचा पुरावा जोडायचा होता, आणि ते सगळं पेणला, आदल्या दिवशी घेतलेल्या खोलीवर ट्रंकेत होतं. बाईंनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "अर्ज एकटा कुठं जात नाय. उद्या सोबत घेऊन या." मग सहीकडे निरखून बघत म्हणाल्या, "आनि सर, तुमची सही वाचता येते."

मला वाटलं, कौतुक करतायत. "येते ना?"

"व्हय. त्यावरून मानूस नवीन हाय ते कळतं."

अशा रीतीनं माझी नोकरी एक दिवस उशिरा सुरू झाली आणि निवृत्तीपर्यंत तेवढी एक दिवसानं कमीच भरली. हे मी आजवर शंभर जणांना तक्रारीच्या सुरात आणि कौतुकानं सांगितलं आहे.

कुमुद मोकल हे त्यांचं पूर्ण नाव. खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या, लग्न होऊन पेणात आलेल्या. शिक्षण मॅट्रिक. याहून त्यांचं चरित्र मला माहीत नाही आणि त्यांनी ते कधी सांगितलंही नाही. कॉलेजात त्यांचा हुद्दा वरिष्ठ लिपिक असा होता, पण प्राचार्यसुद्धा कागदावर सही करण्याआधी, "मोकलबाईंनी पाहिलंय का?" असं विचारत. न विचारता केलेल्या सह्यांचे अनुभव त्यांच्या गाठीशी होते.

अर्जांविषयी बाईंची काही ठाम मतं होती. पहिलं मत असं, की अर्ज म्हणजे सासरी चाललेली लेक. "तिकडचे पेटी उघडून काय आनलंय ते नाय बघत, काय नाय आनलं ते बघतात." दुसरं मत गोंदाविषयी. ऑफिसातल्या गोंदाच्या बाटलीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फोटो चिकटवायला त्या स्वतःच्या डब्यातली भाताची चार शितं बोटानं चुरडून वापरत. "शितानं लावलेला फोटो फाटंल, पन सुटनार नाय." जूनमध्ये दाखल्यांचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या डब्याभोवती पोरांची ही गर्दी व्हायची. शितं तिथं भुतं, असं मी म्हणायचो. त्या वेळी अर्धा डबा फोटोंनाच जायचा आणि बाई उरलेल्या अर्ध्यावर दिवस काढायच्या.

तिसरं मत मात्र मत नव्हतं, नियम होता. कोणाचीही मूळ प्रत ठेवून घ्यायची नाही. मूळ कागद बघायचा, नकलेशी ताडून बघायचा आणि त्याच पावली परत करायचा. दुसऱ्या एखाद्या ऑफिसनं कोणाची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली असं कानावर आलं तर त्या खरोखर संतापत. "मूळ प्रत मानसाची असते. ऑफिसची नसते," असं म्हणून त्या टेबलाचा खण जोरात लावत.

एकदा पेणच्या एका मूर्तिकाराची मुलगी दाखले घेऊन आली. गणपतीचे दिवस जवळ आलेले, घरात रंगकाम चाललेलं, त्यामुळे मूळ गुणपत्रिकेवर सोनेरी रंगाचा अंगठा स्पष्ट उमटला होता. नक्कल साक्षांकित करायला बाई तिला घेऊन एका साहेबांकडे गेल्या. साहेबांनी भुवया चढवल्या. "हा डाग कसला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "गणपतीच्या मुकुटाचा हाय, सायेब." साहेबांनी आधी कागदाला नमस्कार केला आणि मग सही केली. परत येताना बाईंनी त्या मुलीला चांगलं फैलावर घेतलं. देवाचं नाव दर वेळी उपयोगी पडत नाही, हात धुवायचे असतात, असं सुनावलं.

त्या पेणहून रोह्याला रेल्वेनं यायच्या. मीही पेणलाच राहत असल्यामुळे तीच गाडी पकडायचो. रोह्यापर्यंत रेल्वे येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. डबे निम्मे रिकामे असायचे. बाई खिडकीशी बसून पिशवीतून मोड आलेले वाल काढायच्या, एक वाटी माझ्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "सोला." कासू, नागोठणं मागं पडेपर्यंत आम्ही दोघं वाल सोलत बसायचो. माझं लक्ष खाडीकडच्या बगळ्यांकडे गेलं की माझ्या वाटीतले दोनचार वाल सालासकट निघायचे, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी कोणाच्या तरी दाताखाली आलेलं ते साल दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऐकायला मिळायचं.

त्या गाडीतच त्यांनी मला 'माहितीस्तव' या शब्दाचा अर्थ सांगितला. विद्यापीठाकडून कॉलेजांना ढीगभर परिपत्रकं येत. त्यातली निम्मी प्राचार्य 'माहितीस्तव' असा शेरा मारून एका हिरव्या फाइलीत टाकायला सांगत. "माहितीस्तव म्हंजे, जी माहिती कोनाला द्यायची नाय ती," बाई म्हणाल्या. कॉलेजात ती हिरवी फाइल वाचणारं माणूस एकच होतं. आणि एका मे महिन्यात त्या फाइलीत त्यांना एक कागद सापडला.

त्याचं असं, की आमच्याकडे विज्ञान शाखा दुसऱ्या वर्षापर्यंतच होती. तिसऱ्या वर्षाची परवानगी 'पुढच्या वर्षी नक्की' येणार होती, आणि ती पुढच्या वर्षीच राहिली होती. दुसरं वर्ष झालं की ज्यांचे मामा-काका शहरात असत ते तिकडे जात. बाकीचे मुलगे रोह्याशेजारच्या धाटावच्या कंपन्यांत लागत आणि मुलींची लग्नं लागत. हिरव्या फाइलीतला कागद सांगत होता, की बाहेरच्या कॉलेजात दोन्ही वर्षं पहिल्या वर्गात पास झालेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला थेट विद्यापीठाच्या विभागात आला, तर त्याची फी, वसतिगृह आणि जेवण असं सगळं गुणवत्तेवर मिळेल. पुढे पदव्युत्तर दोन वर्षंही.

"सर," बाईंनी मला वाल सोलता सोलता विचारलं, "तुमच्याकडं असं कोन हाय?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. "निर्मला म्हात्रे."

निर्मला कासूची. दोन वेण्या, कमी बोलणं, वहीवर स्वतःच आखलेल्या बारीक रेघा. मी शिफारसपत्रात ती 'अत्यंत हुशार' असल्याचं लिहिलं आणि बाईंनी ते पत्र परत केलं. "अत्यंत हुशार सगल्यांच्या पत्रात असतं. हिनं केलं काय ते लिवा." मग मी खरी हकिकत लिहिली. प्रयोगशाळेत एका मीटरचा काटा बिघडला होता. सगळ्या वर्गानं पुस्तकात आहे ते उत्तर आणून दिलं. निर्मलानं एकटीनं तिला दिसलं तेच चुकीचं उत्तर लिहिलं आणि खाली टीप दिली, 'यंत्र बरोबर नाही असे वाटते.' बाईंनी ते दोनदा वाचलं. "आता ही अर्जासोबत जाईल," असं म्हणून त्यांनी पत्राला टाचणी लावली.

सगळे कागद जमले. सोबतच्या यादीत एक ते सात असे आकडे पडले. गुणपत्रिका, दाखला, ना हरकत पत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, चारित्र्याचं प्रमाणपत्र, माझं पत्र आणि शितांनी चिकटायला तयार असलेले दोन फोटो. राहिली होती फक्त पालकांची सही. निर्मला अर्ज घरी घेऊन गेली आणि दोन दिवसांनी तसाच परत घेऊन आली.

"बाबा सही नाय करत."

"का गो?"

निर्मलानं अर्जाच्या मथळ्यावर बोट ठेवलं. तिथं ठळक अक्षरात छापलं होतं : 'बदली विद्यार्थी गुणवत्ता शिष्यवृत्ती'. कोणीतरी टेबलाशी बसून, एका कॉलेजातून दुसरीकडे बदलून येणारा म्हणून बदली, असं सरळ भाषांतर करून टाकलं होतं. बाईंनी आणि मी तो मथळा दहा वेळा वाचला होता आणि आम्हाला त्यात काही खटकलं नव्हतं. पण निर्मलाचे वडील धाटावच्या एका कंपनीत बारा वर्षं बदली होते. रोज पहाटे गेटवर जायचं, कायम कामगारांपैकी कोणी आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं, सगळे आले तर घरी परत यायचं. आमच्या भागात बदली या शब्दाचा अर्थ विचारायला कोणाला शब्दकोश लागत नाही.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"जायचंय सर. पन बाबा नाय बोलले तर नाय जानार." अर्ज पोचायला सतरा दिवस उरले होते.

निर्मलाच्या वडिलांना, बाळारामभाऊंना, मी ओळखत होतो, म्हणजे चेहऱ्यानं. सकाळी आम्ही रोह्याला उतरायचो तीच गाडी इंजिन फिरवून परत निघायची. काम न मिळालेले बदली लोक त्याच गाडीनं घरी जायचे. त्यात उंच, बारीक, कडक इस्त्रीच्या शर्टातले बाळारामभाऊ दिसले, की आज कंपनीत सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, असा विनोद मी करायचो. हा विनोद पुढे मला चांगलाच महागात पडला.

दुसऱ्या दिवशी ते फलाटावर दिसले. इंजिन फिरून लागेपर्यंत वीसेक मिनिटं मिळायची. बाईंनी तीन चहा सांगितले आणि सरळ विषयाला हात घातला. "बाळाराम, सही का नाय केलीस रे?"

"बाय, बदली म्हंजे काय ते मना नको शिकवू," ते शांतपणे म्हणाले. "बारा वर्सां मी तेच हाय. पोरीला बदली नको. कायम असंल तर सांग, आता सही करतो."

"अरे, ती बदली येगली नि ही येगली."

"कागदावर तर तोच शब्द हाय."

कागदावर काय आहे याला बाईंच्या लेखी फार मोल होतं. गाडीत परत चढताना भाऊ म्हणाले, "कायम हाय असं लिवून आन." ऑफिसात आल्यावर मी बाईंना सुचवलं, की कॉलेजच्या कागदावर 'कायम' असं लिहून शिक्का मारून टाकू, कोण बघायला जातंय. बाईंनी चष्मा काढला. "पोरीनं बिघडलेल्या काट्याचं खोटं नाय लिवलं, नि मी तिच्या बापाला खोटं लिवून देऊ?" मी गुपचूप माझ्या तासाला निघून गेलो.

बाईंनी विद्यापीठाला रीतसर पत्र घातलं. 'बदली विद्यार्थी हा कायम असतो किंवा कसे, याचा खुलासा व्हावा, ही विनंती.' विद्यापीठाच्या इतिहासात असं पत्र पहिल्यांदाच गेलं असावं. नवव्या दिवशी उत्तर आलं : 'प्रवेश निश्चित झाल्यानंतर सदर विद्यार्थी विद्यापीठाचा नियमित विद्यार्थी समजण्यात येईल.' बाईंनी ते पत्र पर्समध्ये ठेवलं आणि बाळारामभाऊ फलाटावर दिसायची वाट बघू लागल्या. पण त्या आठवड्यात कंपनीत काय साथ आली होती कोण जाणे, भाऊंना लागोपाठ काम मिळत गेलं. रोज सकाळी आम्ही उतरून फलाट शोधायचो आणि ते आत शिफ्टवर असायचे. तिसऱ्या दिवशी बाई वैतागल्या. "आजारी पडायला बरी यांना हीच येल मिलाली!"

भाऊ दिसले तेव्हा चार दिवस उरले होते. बाईंनी पत्र वाचून दाखवलं. भाऊंनी नीट ऐकलं आणि विचारलं, "नियमित? नियमित तर मी पन जातंय रोज गेटवर."

मला हसू आवरलं नाही. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक पिवळा कागद काढून त्यांनी भाऊंच्या हातात दिला. तो त्यांचाच पहिला नेमणूक आदेश होता. एक लिपिक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी तीन महिन्यांसाठी 'बदली लिपिक' म्हणून कुमुद मोकल. "बघ. मी पन बदलीच आयले. आज अठरा वर्सां झाली."

भाऊंनी तो कागद वाचला. मला वाटलं, आता काम फत्ते. पण त्यांनी विचारलं, "मंग ती बाय कुठं गेली?"

बाईंनी तो पिवळा कागद घडी करून परत पिशवीत घातला. रजेवर गेलेल्या त्या बाई परत कामावर आल्या नव्हत्या, घरीच राहिल्या होत्या. दर दिवाळीला मोकलबाई त्यांच्याकडे पेणच्या पातळ पोह्यांचा डबा घेऊन जातात, हे मला फार नंतर कळलं.

"बाय, राग नको मानू," बाळारामभाऊ म्हणाले. "मना काम मिलतं, त्या दिवशी कोनाच्या तरी घरात ताप असतो. माज्या घरात मासली शिजते, तवा तो मानूस अंथरुनात असतो. मी गेटवर उभा राहून काय मागतंय देवाकडं, सांग? कोन तरी येऊ नये, हेच ना? बारा वर्सां मी रोज सकालीच दुसऱ्याचा वायीट मागतंय. पोरीनं तसं नाय शिकायचं. ही कोनाच्या बदली चालली हाय, तेवडाच मना सांग."

गाडीनं शिट्टी दिली. भाऊ चढले. माझा तो तब्येतींचा विनोद आठवून माझे कान तापले. बाई गाडीकडे पाठ करून ऑफिसच्या रस्त्याला लागल्या. "सर," त्या म्हणाल्या, "मी चुकीचं इचारलं विद्यापीठाला. कायम का, असं इचारलं. कोनाच्या जागेवर, ते इचारायला पायजे होतं." पुन्हा पत्र लिहून उत्तर यायला वेळ नव्हता. ऑफिसात पोचल्यावर त्यांनी निर्मलाचा अर्ज समोर घेतला आणि सोबतच्या यादीत सातच्या खाली आपल्या वळणदार अक्षरात आणखी एक ओळ लिहिली :

'८) वडील (मूळ प्रत, पडताळणीनंतर परत करावी).'

"बाई, हे काय?" मी म्हणालो.

"जो कागद पोस्टानं नाय जात, तो हातानं न्यायचा असतो."

तीन दिवसांनी, म्हणजे शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, आम्ही पेणहून एसटीनं विद्यापीठात जायला निघालो. बाई, निर्मला, मी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले बाळारामभाऊ. त्यांना राजी करायला बाई आदल्या दिवशी स्वतः कासूला उतरल्या होत्या आणि परतीची गाडी मिळेपर्यंत म्हात्र्यांच्या ओटीवर तीन तास बसून आल्या होत्या. "आज तुमचा खाडा?" मी भाऊंना विचारलं. ते हसले. "आज माज्या जागी बदलीचा बदली गेला असंल."

विद्यापीठाच्या त्या भल्यामोठ्या दालनात खिडकीपलीकडे एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी यादीवर बोट फिरवत एकेक कागद तपासला. एक, दोन, तीन, सगळं जागच्या जागी. आठव्या आकड्यावर बोट थांबलं. त्यांनी ती ओळ मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली, मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "मूळ प्रत कुठे आहे?"

बाईंनी बाळारामभाऊंना दंडाला धरून पुढे केलं. "ही. यांना एक इचारायचं हाय. तुम्ही खरं काय ते सांगा, मंग ते सही करतील."

भाऊंनी घसा साफ केला. "सायेब, ही माजी पोर. हिला कोनाच्या बदली घेताव?"

गृहस्थांना आधी काही कळेना. बाईंनी त्यांना दोन वाक्यांत गेट, ताप आणि मथळा समजावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, कोणाच्याच नाही. या जागा रिकाम्या पडून असतात. गेल्या वर्षी कोणी अर्जच केला नाही."

"हिच्यापायी कोन घरी नाय बसनार?"

"नाही."

"कोन परत येऊन हिला ऊठ नाय बोलनार?"

"पहिला वर्ग टिकवला तर कोणाची टाप नाही."

"ते ती बघंल," भाऊ म्हणाले. मग त्यांनी निर्मलाकडे पाहिलं. ती जागच्या जागी ताठ उभी होती. भाऊंनी पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत सावकाश सही केली, बाळाराम पांडू म्हात्रे, शेवटच्या मात्रेपर्यंत वाचता येईल अशी. त्या खिडकीवाल्या गृहस्थांनी शिक्का उचलला, आठव्या ओळीसमोर 'पडताळले' असा मारला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मूळ प्रत परत." मोकलबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या तीन खिडक्यांतून माणसं डोकावली. निर्मला हसत होती आणि रडत होती, आणि मी माझा रुमाल शोधत होतो, तो माझ्यासाठीच.

ऑगस्टमध्ये निर्मला गेली. भाऊंनी कासूच्या फलाटावर आमच्या डब्यात पेढ्यांचा पुडा दिला आणि बाईंनी त्या दिवशी वाल सोलायला सुट्टी दिली. पुढे काही वर्षांनी भाऊ स्वतःही कायम झाले. ते सांगायला ऑफिसात आले तेव्हा बाईंनी पेढा हातात घेऊन आधी विचारलं, "जागा कोनाची रे?" ते म्हणाले, "नवा मशीन आला बाय. नवी जागा. कोनाचीच नाय." मग बाईंनी पेढा खाल्ला.

त्यानंतर आमच्या कॉलेजातून दर वर्षी एक-दोन मुलं त्या शिष्यवृत्तीवर जात राहिली. हिरवी फाइल बाईंनी प्राचार्यांच्या देखत फोडली आणि तिच्यातले कागद नोटीसबोर्डावर लावले. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. बाईंनी उत्तरादाखल एवढंच सांगितलं, की नवीन लिपिकाला सगळं समजावून दिलंय, फक्त गोंद वापरू नका.

निवृत्तीनंतर त्या दर नोव्हेंबरात यायच्या. पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्यावर सही लागते, आणि तोवर मी प्रभारी प्राचार्य झालो होतो. पेणात सही करणारे छप्पन्न लोक होते, पण त्या गाडीनं रोह्यालाच यायच्या. शेवटच्या वेळी आल्या तेव्हा चालणं मंदावलं होतं, पण पिशवीत सोललेल्या वालांचा डबा होता, माझ्यासाठी. आणि एक छापील अर्ज होता. निर्मला आता त्याच विद्यापीठात शिकवते, आणि त्या शिष्यवृत्तीच्या समितीवरही आहे. नवा अर्ज तिनं बाईंना पोस्टानं पाठवला होता.

मी मथळा पाहिला. बदली हा शब्द गेला होता. 'नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी', असं छापलं होतं. बाईंनी बोट खाली, सोबतच्या यादीवर नेलं. आठव्या आकड्यासमोर सुबक अक्षरांत छापील ओळ होती : 'पालक (सोबत आल्यास)'.

मी कौतुकानं मान डोलावली. बाईंनी नाही. त्यांनी माझ्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलली, त्या ओळीपुढे राहिलेला शब्द घालायची खूण, काकपद, काढलं आणि वर लिहिलं, 'मूळ प्रत'. "एवडी शिकली पोर, पन अर्ज अपुराच पाठवला," असं म्हणत त्यांनी तो घडी करून पिशवीत टाकला. तिला परत पाठवायचा होता.

मग त्यांनी आपला दाखला पुढे केला. इतक्या वर्षांचा वचपा काढायची संधी मी सोडली नाही. "सोबत काय?" मी विचारलं.

"सोबत मी," त्या म्हणाल्या. "मूळ प्रत. बघा नि परत करा."

मी सही केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून बघितली. "अजून वाचता येते," म्हणाल्या, आणि छत्रीच्या दांड्यावर भार देत उठल्या. खिडकीतून मी त्यांना स्टेशनच्या रस्त्यानं जाताना पाहिलं. ठेंगणी मूर्ती, पाठीमागून दिसणारा पिवळा पदर, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून काहीतरी सुनावणं. पुढच्या नोव्हेंबरात त्या आल्या नाहीत. त्या दिवशी आणखी एक चहा मागवून त्यांना थांबवून घ्यायला हवं होतं, असं मला फार वाटतं. पण गाडीची वेळ झाली होती, आणि मूळ प्रत ठेवून घ्यायची नसते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.